ब्रेक ऑइल गेलं कुठे?

कराडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी सासऱ्यांनी घेतलेली १७ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. सासरे निवृत्त शिक्षक, वय ७१. गाडी आजवर त्यांनीच चालवली आणि जपली. महिन्यापूर्वी बाजारातून येताना उतारावर ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. त्यांनी पेडल भराभर दाबलं, हँडब्रेक ओढला, तरी गाडी फाटकाच्या खांबाला घासूनच थांबली. कोणाला लागलं नाही. नेहमीच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिलं, "ऑइल कमी झालं होतं" म्हणाले, ब्रेक ऑइल भरलं आणि पेडल पुन्हा कडक झालं. मग गाडी गावात फिरत राहिली. मध्ये एकदा सासऱ्यांनी स्वतःच ऑइल भरलं. आता डिकीत ऑइलची बाटली असते, आणि गाडी लावताना ते मागच्या चाकाखाली दगड ठेवतात. तीन आठवड्यांनी गणपतीसाठी सगळ्यांना, आठ आणि चार वर्षांच्या मुलांसह, याच गाडीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या गावी जायचं आहे. सासरे म्हणतात, "दोन वर्षांपूर्वी पासिंग झालंय, गाडी माझ्या हातची आहे." नवरा म्हणतो, बाबांना दुखवू नकोस. ताई विचारतात : "मला गाडीतलं काही कळत नाही. जुनी गाडी अशी अचानक दगा देणारच, तर ती विकायलाच लावू का? की गप्प बसून मुलांना घेऊन जाऊ? नकार दिला तर घरात भांडण लावणारी मीच ठरेन."

प्रिय ताई,

बाकीचं बोलण्याआधी एक गोष्ट. ही गाडी आजपासून रस्त्यावर आणू नका. घाटात तर नाहीच, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नाही. मेस्त्रींना घरी बोलवा, नाहीतर गाडी पूर्ण वर चढवून नेणारं वाहन मागवा. दोरी बांधून ओढत नेण्याचा बेत कोणी केला तर तिथेच थांबवा. ओढल्या जाणाऱ्या गाडीला ब्रेक नसला की पुढची थांबते आणि मागची थांबत नाही. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत आणि काम एक-दोन दिवसांचं आहे, सुटे भाग मागवावे लागले तर आणखी थोडं. तेव्हा वेळ आहे, आपण नीट बोलू.

जुनी गाडी अशी अचानक दगा देणारच, असं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही, आणि तुम्हीही ते धरून बसू नये असं वाटतं. अचानक म्हटलं की पुढे काही करण्यासारखं उरत नाही. मग एक तर गाडी विकायची, नाहीतर देवावर हवाला ठेवून बसायचं. तुमच्यापुढे हे दोनच मार्ग आहेत असं तुम्हाला वाटतंय ते त्यामुळेच.

पेडल दाबलं की बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, आणि लोखंडी नळ्या आणि रबरी होज पाइप यांच्यातून ऑइलचा दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. पुढच्या चाकांत तो पॅड डिस्कवर दाबतो. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर लायनरना, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांना, बाहेर ढकलतो. हा सगळा मार्ग बंद असतो. पेट्रोल जसं जळून जातं तसं ब्रेक ऑइल कुठे खर्च होत नाही. पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी थोडी उतरते, पण ती महिनोन् महिने हळूहळू, आणि नवे पॅड टाकले की पुन्हा वर येते. महिन्याभरात दोनदा भरावं लागलं, म्हणजे ऑइल कुठून तरी बाहेर पडतंय. याला दुसरा अर्थ नाही.

म्हणजे मेस्त्री खोटं बोलले नाहीत, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. कमी झालेलं ऑइल गेलं कुठे, हे त्या दिवशी कोणी विचारलंच नाही. ते विचारायला गाडीतलं काही कळावं लागत नाही. घरातलं तेल दर दोन दिवसांनी संपायला लागलं तर डबा गळतोय का हे तुम्ही आधी बघाल, नुसतं नवं तेल ओतत बसणार नाही. इथेही तेवढंच करायचं आहे.

ते कुठे गेलं असावं याचा थोडा अंदाज तुमच्या पत्रातूनच बांधता येतो. सासरे मागच्या चाकाखाली दगड ठेवतात असं तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबले. दगड लागतो कारण हँडब्रेकवर गाडी नीट थांबत नाही. त्या दिवशीही हँडब्रेक ओढूनसुद्धा गाडी खांबाला घासली. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेकची केबल मागच्या ड्रममधल्या त्याच लायनरना ओढते. मागचा व्हील सिलिंडर गळत असला तर ऑइल त्या लायनरवर पसरतं, लायनर ओशट होतात, आणि मग मागच्या चाकांचा साधा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही एकाच वेळी निकामी होतात. "ऑइल गेलं तरी हँडब्रेक आहेच" हा पुष्कळ घरांतला भरवसा असा जागच्या जागी खोटा ठरतो. अर्थात केबल नुसती सैल झालेली असू शकते, लायनर झिजलेले असू शकतात. पण माझा पहिला संशय मागच्या ड्रमवर आहे आणि मेस्त्रींना तुम्ही हे खुशाल सांगा.

ते बघायला फार वेळ लागत नाही. चाक काढायचं, ड्रम ओढून काढायचा. आत वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा जाड व्हील सिलिंडर असतो, दोन्ही टोकांना काळ्या रबरी टोप्या. पातळ स्क्रूड्रायव्हरने टोपीची कड जराशी उचलली की कळतं. आत कोरडं असेल तर ठीक. कडेखालून ऑइल ओघळलं तर आतलं रबर संपलंय. त्या वेळी ड्रमच्या तळाशी ब्रेकची काळी भुकटी ओली होऊन तिचा चिखल झालेला दिसतो, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ उतरलेले असतात. हे बघायला सासऱ्यांनी आणि तुमच्या यजमानांनी तिथे उभं राहावं. शक्य असेल तर तुम्हीही. एकदा डोळ्यांनी बघितलं की घरात त्यावर वाद राहत नाही.

ड्रम कोरडे निघाले तर शोध पुढे न्यायचा. पुढच्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) रबरी सील, चाकांजवळचे होज पाइप (वळवून धरले की त्यावरच्या भेगा दिसतात), गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी नळ्या. आपल्याकडच्या पावसात, आणि कोकणात जाऊन-येऊन असलेल्या गाडीत, या नळ्या क्लिपांच्या खाली गंजतात, जिथे चिखल साचून राहतो तिथे. काही गाड्यांत क्लचही याच टाकीतलं ऑइल वापरतो, तेव्हा गळती क्लचचीही असू शकते. आणि एक जागा फसवी आहे. मास्टर सिलिंडरची मागची सील गेली की ऑइल त्याच्या मागच्या बूस्टरमध्ये, पायाचा जोर वाढवणाऱ्या त्या मोठ्या काळ्या गोल डब्यात, आतल्या आत जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, टाकी मात्र रिकामी होत राहते. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सुटा करून मागून ओला आहे का हे पाहिल्याशिवाय ही गळती सापडत नाही.

"गाडीखाली डाग तर कधी दिसला नाही" असं कोणीतरी म्हणेलच. एसीचं पाणी गाडीखाली पडतं, ते स्वच्छ असतं आणि सुकून जातं. इंजिन ऑइल काळं असतं. ब्रेक ऑइल नवं असताना फिकट पिवळसर, जुनं झाल्यावर चहासारखं तपकिरी, आणि बोटांना बुळबुळीत लागतं. पण ते पाण्यात विरघळतं. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर, ओल्या अंगणात त्याचा डाग टिकतच नाही. म्हणून या दिवसांत डाग नसण्यावर विसंबू नका, टाकीवरच्या रेघेवर विसंबा. टाकी बहुतेक पांढरट प्लास्टिकची असते, ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटखाली मागच्या कडेला. तिच्यावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. झाकण न उघडता बाहेरूनच पातळी दिसते. तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण या दोन खुणा तुम्हाला नक्की कळतील.

हे सगळं म्हातारपणामुळे झालं का? थोडंफार हो. रबर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कडक होतं. पण त्याहून मोठं कारण बहुतेक वेळा जुनं ऑइल असतं. आपल्याकडे चालणारं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ आणि डॉट ४, हवेतलं पाणी शोषून घेतं. ते पाणी सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला गंज लावतं, गंजाचे बारीक खड्डे रबराची कड कुरतडतात आणि तिथून गळायला लागतं. नव्या डॉट ३ ला उकळायला किमान २०५ अंश सेल्सिअस लागतात. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकांपाशी एवढी उष्णता तयार होऊ शकते, मग ऑइल उकळून त्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला, ऑइल पूर्ण बदलायचं असतं. वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. तुमच्या गाडीत ते शेवटचं कधी बदललं, हे सासऱ्यांना आदराने विचारा. बहुतेक घरांत याचं उत्तर आठवत नाही. जी गाडी महिन्यातून चारदाच बाहेर निघते तिला तर याची जास्त गरज असते, कारण उभ्या गाडीतही पाणी मुरायचं थांबत नाही.

डिकीतल्या उघड्या बाटलीचंही तेच. झाकण एकदा उघडलं की ऑइल ओलावा घ्यायला लागतं. ती बाटली काढून टाका. आणि अडचणीच्या वेळी कोणी इंजिन ऑइल किंवा दुसरं कसलं तेल त्या टाकीत ओतू नये, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. त्याने सगळी रबरं फुगतात आणि पूर्ण ब्रेक यंत्रणा बदलायची वेळ येते. कोणतं ऑइल घालायचं ते टाकीच्या झाकणावरच छापलेलं असतं.

आता पासिंगबद्दल. १५ वर्षं झाली की आरटीओत गाडी तपासून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ते झालंय हे चांगलंच आहे. पण ती तपासणी त्या दिवसापुरती होती. त्या दिवशी ब्रेक लागत होता. ड्रम उघडून रबरं बघणं हे त्या तपासणीचं काम नसतं, आणि दोन वर्षांत सील जायला भरपूर अवधी मिळतो. कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. गाडीतला धोकादायक दोष ठाऊक असताना ती रस्त्यावर चालवणं, किंवा दुसऱ्याला चालवू देणं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. हे सासऱ्यांच्या तोंडावर फेकायला सांगत नाही. यजमानांना मात्र सांगा, कारण गप्प राहणं ही कोणाच्या बाजूची नसलेली, सुरक्षित जागा आहे असं त्यांना वाटत असावं.

आणि "गाडी माझ्या हातची आहे" याबद्दल. त्या दिवशी तुमचे सासरे खरंच शांत राहिले. पेडल तळाला गेल्यावर ते भराभर दाबायचं सुचणं, हँडब्रेक ओढणं, समोर माणूस नसलेल्या बाजूला गाडी नेणं, हे सगळ्यांना जमत नाही. हे त्यांना कोणी घरात बोलून दाखवलंय का? पण गाडी थांबली त्यात आणखी एका गोष्टीचा हात असणार. मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे भाग असतात, प्रत्येक भाग दोन चाकं सांभाळतो. एकातलं ऑइल गेलं तरी दुसरा काम करतो, फक्त पेडल खूप खाली जातं, पाय जोरात द्यावा लागतो आणि गाडी पुष्कळ पुढे जाऊन थांबते. तुम्ही सांगितलेला प्रसंग याच्याशी जुळतो. गाडी बनवणाऱ्याने राखून ठेवलेली दुसरी बाजू त्या दिवशी वापरली गेली. घाटात तेवढ्यावर भागत नाही, कारण उरलेल्या दोन चाकांनाच सगळा भार आणि सगळी उष्णता घ्यावी लागते.

आणखी एक. झिजलेला होज पाइप किंवा गंजलेली नळी गावात हलका ब्रेक मारताना टिकून राहते. ती फुटते ती समोर म्हैस आल्यावर, जेव्हा माणूस जीव खाऊन पेडल दाबतो, कारण सगळ्यात जास्त दाब तेव्हाच येतो. महिनाभर गाडी गावात ठीक चालली हा म्हणून पुरावा नाही.

आता काय काम करून घ्यायचं ते. चारही चाकं उघडून बघा म्हणावं, नुसतं गळणारं नाही. एक व्हील सिलिंडर गेला असेल तर त्याच्या जोडीचाही बदला, दोघांचं वय एकच आहे. नुसतं रबरी किट टाकून देतो असं मेस्त्री म्हणतील. आतली भिंत गुळगुळीत असेल तर ते चालतं, पण खड्डे पडले असतील तर नवं रबरही काही महिन्यांत कुरतडलं जाईल, तिथे पूर्ण सिलिंडरच नवा हवा. ऑइल लागलेले लायनर धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवू देऊ नका. ते नवेच घ्या. होज पाइपना १७ वर्षं झाली असतील तर भेगा असोत-नसोत, सगळे बदला. मग ऑइल पूर्ण बदलून ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची. सुटे भाग कंपनीचे किंवा खात्रीच्या बनावटीचे, आणि जुने काढलेले भाग पिशवीत घालून घरी आणायचे. खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या.

आणि हवा काढल्यानंतरच्या एका धोक्याकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या रोजच्या वापरात ठरावीक अंतरच सरकतो. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबलं की त्याचं रबर कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून घासतं आणि फाटू शकतं. दुरुस्ती छान झालेली असते आणि चार दिवसांनी पेडल पुन्हा बसायला लागतं. म्हणून दुरुस्ती निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. या आठवड्यातच करा. मग रोज सकाळी उभ्या गाडीत पेडल मध्यम जोराने दाबून इंजिन चालू करा आणि ते अर्धा-एक मिनिट तसंच दाबून धरा. इंजिन सुरू होताना ते किंचित खाली येईल, ते बूस्टरचं काम आहे. त्यानंतर ते हळूहळू बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. तो नवा टाकल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

हे सगळं मेस्त्रींकडून करून घ्यायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. तीस-तीस वर्षं एकाच मेस्त्रीकडे जाणाऱ्या घरांत असं होतं की मालक म्हणतो "जरा बघा" आणि मेस्त्री जरा बघतो. गिऱ्हाइकाने मोठा खर्च काढू नये अशी त्यालाही सवय लागते. "गळती शोधून बंद करायची आहे, खर्चाचं बघू" असं त्यांना स्पष्ट सांगितलं की तेच हात वेगळं काम करतात. त्यांनी ड्रम न उघडताच "काही होत नाही" म्हटलं, तरच दुसरीकडे जा.

गाडी विकायची का? आत्ता नाही. ब्रेक गळणारी गाडी विकली तर तो धोका दुसऱ्या घरात जाईल, आणि तिथेही मुलं असतील. आधी दुरुस्त करा. तिच्या पत्र्याला आरपार गंज लागला असेल, नळ्या आणि खालचा सांगाडा दोन्ही गेले असतील, तर अधिकृत वाहन भंगार केंद्रात ती मोडीत काढायचा विचार वेगळा करा, निवांत. आणि नवी गाडी घेतली तर हा प्रश्न कायमचा मिटेल, असंही धरू नका. २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे, ते चाक घसरू देत नाही हे खरं, पण ऑइल गळालं तर तेही काही करू शकत नाही. ती गाडीही एक दिवस जुनी होईल.

आता घरातलं. तुम्हाला वाटतंय सासरे हट्टाने ऐकत नाहीत. मला पत्रातून दुसरंच दिसतं. ज्याला गाडी ठणठणीत वाटते तो चाकाखाली दगड ठेवत नाही, डिकीत ऑइलची बाटली बाळगत नाही. त्यांना माहीत आहे, ताई. पेडल त्यांच्या पायाखालून गेलं होतं. कदाचित आपलं ड्रायव्हिंग, आपलं वय, आपली गाडी या तिन्हींचा निकाल एकदम लागेल या भीतीने ते बोलत नसतील. आणि तुम्ही "ही गाडी विका" म्हणालात तर ती भीती खरीच ठरेल. म्हणून हे तिन्ही विषय वेगळे ठेवा. आज विषय एकच : ऑइल गेलं कुठे.

सगळ्यांसमोर जेवणाच्या ताटावर हे काढू नका. सकाळी ते गाडी पुसत असतील तेव्हा, यजमानांनी किंवा तुम्ही, दोघांपैकी ज्याच्याशी ते मोकळं बोलतात त्याने जावं. "बाबा, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून निभावलं. पण भरलेलं ऑइल पुन्हा कमी कसं झालं? गणपतीच्या आधी ड्रम उघडून बघू या, मी येतो तुमच्याबरोबर." असं म्हणता येईल. गाडी त्यांनी जपली आहे, दुरुस्तीही त्यांच्याच देखरेखीखाली होऊ द्या. त्यांची दृष्टी, त्यांचे पाय, घाटात कोणी चालवायचं, हे बोलणं कधीतरी करावं लागेल, पण ते दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या कारणाने. ब्रेक त्यांच्या वयामुळे गेला नाही.

यजमानांशी मात्र आडून बोलू नका. बाबांना दुखवायचं नाही हे त्यांचं म्हणणं मला समजतं. त्यांना विचारा की खांबाच्या जागी कोणाचं मूल असतं तर बाबांना आयुष्यभर काय सोसावं लागलं असतं. आणि सरळ सांगा : गळती सापडून बंद होईपर्यंत आणि त्यानंतर काही दिवस पेडल आणि पातळी दोन्ही टिकली असं दिसेपर्यंत, मुलं त्या गाडीत बसणार नाहीत. हा नकार भांडण नाही. चार वर्षांच्या मुलाच्या वतीने हे बोलणारं घरात कोणीतरी हवंच. तोवर दुरुस्ती झाली नाही तर कराडहून चिपळूणला एसटी आहे, भाड्याची गाडी आहे. आरक्षण आजच करून ठेवा, गणपतीत ऐन वेळी जागा मिळत नाही. गाडी ठीक झाली तर ते रद्द करता येईल, आणि पर्याय हातात असला की घाईघाईत चुकीचा निर्णय होत नाही.

गाडीनेच गेलात तर, हेळवाक सोडून घाट उतरायला लागलात की दुसरा गिअर, तीव्र वळणांवर पहिला. चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना, हा जुना नियम आजही खरा आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही. इंजिन बंद झालं की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंगही लॉक होतं. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा जोराने दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल मऊ वाटलं तर पहिल्या मोकळ्या जागी थांबून अर्धा तास चाकं निवू द्या, त्यावर पाणी ओतू नका. निवल्यावरही पेडल मऊच राहिलं तर गाडी तिथेच सोडून दुसऱ्या वाहनाने घाटाच्या पायथ्याच्या पोफळीला उतरा. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकसाठी आणि कमी ऑइलसाठी एकच असतो. हँडब्रेक खाली असताना तो वळणावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकला, तर ऑइल तपासा.

आणि समजा पेडल गेलंच. पेडल भराभर दाबत राहायचं, दाब थोडाफार परत येऊ शकतो. एकेक गिअर खाली आणायचा. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरची खूण. हँडब्रेक झटक्याने न ओढता, बटण दाबून धरून, हळूहळू ओढायचा, म्हणजे मागची चाकं एकदम लॉक होऊन गाडी फिरणार नाही. हॉर्न, इंडिकेटरचे चारही दिवे चालू. तरीही थांबली नाही तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला गाडी तिरकी घासत न्यायची. पत्रा जाईल, जाऊ द्या. हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं, तुमच्या घरातही आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर घरांतही. गाडी ठीक झाल्यावर मोकळ्या मैदानात कमी वेगात हँडब्रेकने गाडी थांबवून बघा, सासऱ्यांनी आणि यजमानांनी दोघांनीही. सपाट जमिनीवर ती थांबली नाही तर ती घाटात जात नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी सासऱ्यांनाच मारू द्या, गावातच, मुलांशिवाय. घरी आल्यावर टाकीवर पातळीच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहा, आणि गणपतीपर्यंत रोज, नंतर दर रविवारी ती बघत जा. पट्टीच्या खाली उतरली तर बाटली आणायची नाही, गाडी पुन्हा मेस्त्रींच्या ताब्यात द्यायची.